मागाच्या आवाजातली आई

इचलकरंजीत वाढलेल्या माणसाला शांतता मानवत नाही. खटखट थांबली की त्याला वाटतं, एक तर वीज गेली नाहीतर कोणीतरी गेलं. आता गावात हवेच्या झोतावर चालणारे नवे माग आलेत, ते म्हणे मांजरासारखे गुरगुरतात. पण प्रियंवदा म्हेतर ज्या शेडमध्ये कामाला होती तिथे लाकडी धोटा इकडून तिकडे आपटत विणणारे जुने माग हट्टानं जपले होते, कारण त्यांच्यावर निघणारं खडबडीत कापड परदेशातल्या हौशी लोकांना हवं असायचं. त्या शेडमध्ये कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी ऐकू येत नाही. म्हणून तिथली माणसं बोलतच नाहीत, खुणा करतात. मूठ ओठाशी नेली की चहा. मिशीवरून बोट फिरवलं की मालक आले. आत्ताच्या मालकांना मिशी नाही, पण खूण त्यांच्या आजोबांपासूनची आहे.

प्रियंवदाला ती शेड माहेरासारखी वाटायची, आणि त्याला कारण होतं. ती बोलताना अडखळायची. नुसती थोडीफार नव्हे, चांगली अडकून पडायची. ‘प’ किंवा ‘क’ आला की तोंड मिटायचं ते मिटायचंच, जबडा एका बाजूला ओढला जायचा, डोळे घट्ट बंद व्हायचे. समोरचा माणूस मग एक तर घड्याळाकडे बघायचा, नाहीतर दया येऊन तिचा शब्द स्वतःच उच्चारून मोकळा व्हायचा. आजोबांनी हौसेनं नाव ठेवलं प्रियंवदा, म्हणजे गोड बोलणारी. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. गाताना ती अडखळायची नाही हे खरं, पण जन्मभर गाऊन का भाजी घेता येते?

शेडमध्ये मात्र एक गंमत व्हायची आणि ती तिच्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हती. मागांच्या गदारोळात ती बोलली तर अजिबात अडायची नाही. यात दैवी काही नाही, शास्त्र आहे, आणि जुनंच आहे. आपण बोलतो तेव्हा आपला कान आपल्याच आवाजावर पहारा ठेवतो. मागचं अक्षर नीट गेलं का, हे बघून मेंदू पुढचं सोडतो. अडखळणाऱ्या माणसाचा हा पहारेकरी फाजील दक्ष असतो, दर अक्षराला दारात अडवतो. आजूबाजूला प्रचंड आवाज असला की त्याला काही ऐकूच येत नाही, मग तो बिचारा दार सोडून बसतो आणि शब्द सुखरूप बाहेर पडतात. तुटलेला धागा गाठता गाठता प्रियंवदा मागांशी तासन्‌तास बोलायची. घरचं, दारचं, मनातलं, सगळं. गाढवापुढे वाचली गीता, पण निदान वाचून तरी व्हायची.

घरी बोलायला माणूस नव्हतं. नवरा तुषार नवे माग बसवण्याच्या कामावर तमिळनाडूत असायचा आणि सणासुदीला यायचा. माणूस वाईट नव्हता. फक्त फार घाईचा होता, तिचं वाक्य तोच पुरं करायचा, आणि बहुतेक वेळा चुकीचं करायचा. सासूबाईंचा जन्म मागावर गेलेला, त्यात कान गेले होते. सासूसुना घरातही शेडमधल्याच खुणांनी बोलायच्या. मीठ संपलं, दूध उतू गेलं, पाय दुखतायत. सासूबाईंना सुनेचं अडखळणं कधी ऐकूच आलं नव्हतं, त्यामुळे जगात त्या एकट्याच अशा होत्या की ज्यांच्यासमोर प्रियंवदाला लाज वाटायची नाही. आणि अशा घरात शाल्मली झाली.

पोरगी गुणी, टपोऱ्या डोळ्यांची. चालली वेळेवर, दात आले वेळेवर, पण बोलेना. दुसरा वाढदिवस होऊन गेला तरी ‘मम्मं’ आणि ‘भूर’ यांच्यापलीकडे गाडी सरकली नाही. हवं ते बोटानं दाखवायची, आणि खुणा तर आजीसारख्या झोकात करायची. सासूबाईंनी वेखंड उगाळून चाटवलं. मग कुठूनसा पोपटानं उष्टावलेला पेरू पैदा केला, कारण तो खाल्ला की मूल पोपटासारखं बोलतं म्हणतात. शाल्मलीनं पेरू आवडीनं खाल्ला आणि आणखी हवा म्हणून बोट दाखवलं.

प्रियंवदाची भीती मात्र निराळी होती. पोरगी बोलणार नाही याचं तिला जेवढं भय होतं, त्याहून जास्त भय ती बोलेल याचं होतं. बोलली आणि आपल्यासारखी बोलली तर? लहानपणी शेजारची एक बाई पोरांना दटावून सांगायची, तिच्याजवळ खेळू नका, तोंड लागतं तिचं, तुम्हीही अडखळायला लागाल. ते शब्द प्रियंवदाच्या मनातून कधी गेले नाहीत.

कोल्हापूरच्या वाचोपचार केंद्रातल्या नाझनीन मुल्ला मॅडमनी शाल्मलीला नीट तपासलं. कान उत्तम, अक्कल उत्तम. काही मुलं उशिराच बोलतात, बडबड्या घरातलीही, यात तुमचा काही दोष नाही, असं त्यांनी प्रियंवदाला दोनदा सांगितलं. तिनं दोन्ही वेळा मान हलवली आणि दोन्ही वेळा विश्वास ठेवला नाही. मग मॅडमनी टेबलावर शेंगदाण्याएवढी एक मऊ वस्तू ठेवली. तिचं नाव ‘साद’.

त्यांनी सांगितलं ते असं. लहान मूल शब्द कधी शिकतं? त्याची नजर एखाद्या वस्तूवर ठरते आणि मन तिच्यावर टेकतं, तेव्हा. तेवढ्यात तिचं नाव कानावर पडलं तर ते मनात रुजतं. उशिरा बोलणाऱ्या मुलांचं मन असं टेकतं ते फार थोडा वेळ. आपण मोठी माणसं हमखास उशीर करतो. पोर चमच्याकडे बघत असतं तेव्हा आपण त्याला झुंबर दाखवत असतो. साद कानामागे चिकटवायची. मेंदूच्या लहरींवरून तिला कळतं की मन आत्ता टेकलं, आणि फ्रॉकच्या बटणातल्या बारीक कॅमेऱ्यातून कळतं की कशावर टेकलं. लगेच ती त्या वस्तूचं नाव सांगते, दोन-तीन छोट्या वाक्यांत घोळवून सांगते, आणि मग थांबते. मूल काही म्हणेल म्हणून वाट बघते. हे थांबणं सगळ्यात महत्त्वाचं, मॅडम म्हणाल्या, आणि नेमकं तेच माणसांना जमत नाही.

आवाज कानामागच्या हाडातून थेट आत जातो, बाहेर कोणालाही ऐकू येत नाही. आणि तो कोणाचाही चालत नाही. जी व्यक्ती मुलाला रोज कुशीत घेते तिचाच लागतो, कारण त्या आवाजाला मूल मनाचं दार आपोआप उघडतं. तुषार फोनवरून म्हणाला होता की माझा घ्या, मी सुट्टी काढून येतो. पण कुशीत घेणारी प्रियंवदा होती. तिनं थोडी वाक्यं वाचून द्यायची, मग साद त्या आवाजात हवं ते बोलणार.

केंद्रातल्या बंद खोलीत, समोरच्या पडद्यावरचं पहिलंच वाक्य वाचताना ती ‘पाणी’ या शब्दावर अडकली. इतकी अडकली की बाहेर येऊन जिन्यात रडली. पुढच्या वेळी मात्र ती तयारीनं आली. तिनं मोबाइलमध्ये शेडचा आवाज भरून आणला होता. हेडफोन लावले, खटखट पूर्ण वाढवली आणि डोळे उघडे ठेवून घडाघडा वाचत गेली. काचेपलीकडे मुल्ला मॅडम हातातलं पेन खाली ठेवून ऐकत बसल्या. इतका गोड आवाज त्यांनी बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता.

चूक झाली ती इथे, आणि ती फक्त मागावरच्या बाईलाच करता आली असती. तिनं आपल्या लेकीला जो आवाज दिला तो तिचाच होता, पण घरात तिच्याजवळ तो नव्हता.

मॅडमनी निघताना बजावलं होतं की यंत्र नुसतं मदतीला आहे, बोलायचं तुम्हीच. प्रियंवदानं मान हलवली. पण त्या दिवसापासून तिनं घरात तोंड मिटलं ते मिटलंच. तिचा हिशोब सरळ होता. पोरीच्या कानात आता स्वच्छ, न अडखळणारे शब्द पडतायत, त्यांत आपण आपली खडी का मिसळायची? पूर्वी निदान पाळण्याशी गुणगुणायची, तेही बंद केलं. केंद्रातून विचारणा झाली, घरी बोलता ना तिच्याशी, की ती मान हलवायची. खोटं बोलायलाही तिला शब्द लागत नव्हते.

आणि साद कामाला लागली. शाल्मली खेळता खेळता एकदम थबकायची, मान किंचित कलती करायची, जणू कोणी हाक मारली. समोरच्या चमच्याकडे टक लावून बघायची. घरात चिटपाखराचा आवाज नसायचा. आणि मग ती हळूच म्हणायची, “चमचा.” पहिल्यांदा हे झालं तेव्हा प्रियंवदा पीठ भरल्या हातानं धावत आली, लेकीला छातीशी धरलं, आणि आनंदानं काहीतरी बोलायला तोंड उघडून पुन्हा मिटलं. शाल्मली तिच्या खांद्यावरून चमच्याकडेच बघत होती. ती कौतुक ऐकत होती, पण ते तिच्या कानामागे चाललं होतं.

शब्द येत गेले. बादली, चप्पल, पंखा, कंगवा. खुणा मागे पडत गेल्या, त्यामुळे सासूबाई जरा खट्टू झाल्या. नात काय म्हणते ते आता त्यांना कळेना. तुषार तर फोनवर एकेक वस्तू नाचवायचा, हे काय, ते काय, आणि पोरगी टपाटप नावं सांगायची. त्यानं कामावरच्या सगळ्यांना पेढे वाटले. मुलगी आपल्याला ‘बाबा’ म्हणत नाही, हे त्याच्या लक्षात आलं नाही. ती कोणालाच काही म्हणत नव्हती. वस्तूंची नावं घ्यायची आणि मान कलती करून शाबासकी ऐकायची.

शेडमध्ये चहाच्या सुट्टीत प्रियंवदा बाहेरच्या कट्ट्यावर बसून मोबाइलवर येणारी सादची नोंद ऐकायची, आपण आज लेकीशी काय काय बोललो ते. “अगं शहाणे माझे, किती छान म्हणालीस. हा पंखा. गरगर फिरतो पंखा. तुला वारा देतो.” आवाज तिचाच, शंकाच नको. शेवटच्या अक्षरावर किंचित ओघळणारा, आईकडून आलेला. पण हे ती कधी बोललीच नव्हती. तिच्या आवाजात कोणीतरी तिच्या लेकीचे लाड करत होतं, आणि ते तिच्यापेक्षा चांगलं करत होतं. आधी तिला अभिमान वाटायचा. मग हळूहळू हेवा वाटू लागला. आपलाच आवाज आपली सवत होऊन बसला, हे सांगायचं कोणाला, आणि सांगायचं कसं? ती पुन्हा शेडमध्ये जाऊन मागांना सांगायची.

एका रविवारी दुपारी शाल्मलीचं बोट दारात चेमटलं. प्रियंवदा शेजारीच होती. तिनं झडप घालून पोरीला उचललं, बोट तोंडात धरलं, पाठीवरून हात फिरवला. शाल्मली टाहो फोडून रडत होती आणि रडता रडता तिनं आयुष्यात पहिल्यांदा हाक मारली, “आई!”

 प्रियंवदानं पोरीला घट्ट धरलं. पण शाल्मली हातापायांनी तिला ढकलत होती, तिच्या कुशीतून निसटायला बघत होती. तिनं दुखरा हात कानामागे नेला, साद दाबून धरली, तोंड भिंतीकडे केलं आणि पुन्हा म्हणाली, “आई. आई.” मग तिचे हुंदके आपोआप कमी झाले, मान कलती झाली. आत कोणीतरी तिची समजूत घालत होतं.

प्रियंवदा तशीच जमिनीवर बसून राहिली. इतकं एकटं तिला त्या दिवसापर्यंत कधी वाटलं नव्हतं. शाळेत नाही, सासरी नाही, नवरा नसलेल्या घरातही नाही. तिच्या लेकीला आई होती, आणि ती आई प्रियंवदा नव्हती.

तिसऱ्या वाढदिवसाच्या सुमाराला केंद्रातून बोलावणं आलं. साद कायमची ठेवायची नसते. ती हळूहळू गप्प करत नेतात आणि तिची जागा घरच्या माणसांनी घ्यायची असते. मॅडमच्या भाषेत, आवाज यंत्रातून पुन्हा तोंडात आणायचा. त्यासाठी आधी बघायचं होतं की साद बंद असताना मूल आईशी कसं बोलतं.

प्रियंवदा पुन्हा तयारीनं गेली. केस मोकळे सोडले होते आणि केसांखाली दोन्ही कानांत इअरफोनचे बारीक बोळे होते, त्यांत माग दणदणत होते. मॅडमनी साद बंद केली आणि टेबलावर खेळणी मांडून त्या कोपऱ्यात जाऊन बसल्या.

“शाल्मली, हे बघ काय आहे,” प्रियंवदा म्हणाली. “हा चमचा. चमच्यानं आपण खीर खातो.”

शाल्मलीचा हात आधी कानामागे गेला. तिथून आवाज येत नव्हता. मग तिनं वर बघितलं. आवाज या बाईच्या तोंडातून येत होता. पोरगी उठली, चालत आली, आईच्या गुडघ्यांवर दोन्ही हात टेकले आणि तिच्या तोंडाकडे निरखून बघत काहीतरी म्हणाली. प्रियंवदाला तिचे ओठ हललेले दिसले. ऐकू आली ती फक्त खटखट. ती हसून म्हणाली, “हो, चमचा. शहाणं माझं बाळ ते.”

शाल्मलीनं पुन्हा ओठ हलवले. “आणि ही वाटी,” प्रियंवदा म्हणाली. पोरगी जरा वेळ थांबली, मग वळून खेळण्यांकडे निघून गेली.

मुल्ला मॅडम जवळ आल्या. त्यांनी प्रियंवदाचे केस अलगद बाजूला केले, कानातले बोळे काढले आणि टेबलावर ठेवले. खोलीत बारीक खटखट ऐकू यायला लागली. मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

“ती काय म्हणाली, ऐकलंत?” त्यांनी विचारलं.

प्रियंवदानं मान हलवली, नाही.

“तिनं विचारलं, आई? नुसती हाक नव्हती, प्रश्न होता. दोनदा विचारलं. आणि तुम्ही तिला वाटी दाखवलीत.”

मग मॅडमनी तिला शांतपणे सगळं विचारून घेतलं. प्रियंवदा अडखळत, कपाळावरचा घाम पुसत सांगत गेली, आणि मॅडमनी तिचा एकही शब्द स्वतः पुरा केला नाही. शेवटी त्या म्हणाल्या की अडखळणं असं एकाच्या तोंडाचं दुसऱ्याला लागत नाही, हे शास्त्र केव्हाच सांगून बसलंय. काही घराण्यांत ते रक्तातून येतं, ते येणार असलं तर तुमच्या गप्प बसण्यानं थांबणार नाही. साद आणखी वर्षभर ठेवता येईल, तशी सोय आहे, पण या मुलीनं शब्द एकीकडे ठेवलेत आणि माणसं दुसरीकडे. वर्षानं ही गाठ आणखी घट्ट होईल. आणि काढली तर? तर कदाचित ती काही काळ अजिबात बोलणार नाही. किती काळ, ते मॅडमना सांगता येईना. निर्णय तुमचा, असं म्हणून त्यांनी हात जोडले.

तुषारला तिनं फोनवर सांगितलं तेव्हा त्याला आधी कळेचना. कळल्यावर तो भडकला. “बोलायला लागलीय न्हवं पोरगी? मग अजून काय पाहिजे तुला? चाललंय त्यात का बोट घालतीस?” ती म्हणाली, “ती म-म-माझ्याशी...” आणि अडकली. “तुझ्याशी बोलेल की, मोठी झाल्यावर,” त्यानं वाक्य पुरं केलं. या वेळीही चुकीचंच.

कानांत माग वाजवायचे तर लेकीचं ऐकू येणार नाही. लेकीचं ऐकायचं तर शब्द अडणार. दोन्हींपैकी एक निवडायचं होतं, आणि ते तिच्यासाठी निवडून द्यायला मागही येणार नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी शाल्मलीला आंघोळ घालताना तिनं कोमट पाण्याचा बोळा कानामागे धरून साद सोडवली. ती बोटांवर इतकी हलकी लागली की तिला रागच आला.

मग दिवस गेले ते कुणावर येऊ नयेत असे. शाल्मली सगळ्या घरभर कोणालातरी शोधत हिंडायची. वस्तूपाशी थबकायची, मान कलती करायची, वाट बघायची, आणि काहीच ऐकू आलं नाही की ती वस्तू खाली ठेवून द्यायची. आले होते ते शब्दही गेले. चमचा गेला, पंखा गेला. पुन्हा बोटानं दाखवणं सुरू झालं. सासूबाईंना बरं वाटलं, नात पुन्हा त्यांच्या भाषेत आली होती. तुषारचा फोन रोज येत होता, हे काय, ते काय, आणि पोरगी पडद्याकडे बघत गप्प बसायची. मग तो फोन ठेवून द्यायचा.

प्रियंवदा बोलायला लागली होती. कानांत काही न घालता, आहे त्या तोंडानं. पा-पा-पाणी, कं-कं-कंगवा. दर शब्दाला डोळे मिटायचे, आणि उघडेपर्यंत पोरगी उठून गेलेली असायची. कितीदा तिच्या मनात आलं, कपाटातली साद काढावी आणि चिकटवून टाकावी. एकदा हातात घेतलीही. पण बोट चेमटलं त्या दिवशी पोर आपल्याला कशी ढकलत होती, भिंतीकडे तोंड करून कोणाला हाक मारत होती, ते आठवलं आणि तिनं कपाट बंद केलं.

अशाच एका दुपारी ती ओट्याशी ताटं पुसत होती. सासूबाई बाहेरच्या खोलीत लवंडल्या होत्या. खिडकीतून ऊन आत आलं होतं. शाल्मली जमिनीवर बसून समोरच्या भिंतीकडे बघत होती, अगदी टक लावून. प्रियंवदानं तिच्या नजरेच्या रेषेत पाहिलं. भिंतीवर उजेडाचा एक तुकडा थरथरत होता. तिच्या हातातल्या ताटावरून ऊन उडून तिकडे पडलं होतं. तिनं ताट जरासं हलवलं. तुकडा सरकला. शाल्मलीची मान त्याच्यामागून सरकली.

याला सादनं कधी नाव दिलं नसतं. त्या यंत्राला वस्तू ओळखायची तर कडा लागत, आकार लागे, आणि याला धड दोन्ही नव्हतं. प्रियंवदाला एवढं सगळं सुचलं नाही. तिला फक्त दिसलं की पोरीचं मन आत्ता टेकलंय, आणि आत्ता नाही बोललो तर गेलं.

“क,” ती म्हणाली, आणि अडकली. “क... क...” जबडा ओढला गेला, मानेच्या शिरा ताठ झाल्या. आयुष्यभराच्या सवयीनं डोळे घट्ट मिटले. त्या अंधारात तिला वाटलं, झालं, गेली असेल उठून. असं किती वेळ गेला कोण जाणे.

डोळे उघडले तेव्हा शाल्मली तिथेच होती. उजेडाकडे तिची पाठ होती. ती आईसमोर येऊन उभी राहिली होती आणि तिच्या तोंडाकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर कीव नव्हती, घाई नव्हती, हसू नव्हतं. ती वाट बघत होती. वाट बघणं तिला चांगलं येत होतं, यंत्रानं शब्दांबरोबर तेही शिकवलं होतं. प्रियंवदासाठी इतकं थांबणारं माणूस याआधी एकदाच भेटलं होतं, आणि त्या बाईंचा तो व्यवसाय होता.

“क-क-कवडसा,” प्रियंवदा म्हणाली.

शाल्मलीनं आपला छोटा जबडा जरासा एका बाजूला ओढला. डोळे किलकिले केले. “क-क-कवसा,” ती म्हणाली. मग बोटानं भिंत दाखवली, मान वर करून आईच्या डोळ्यांत बघितलं आणि पुन्हा म्हणाली, “आई, क-क-कवसा.”

 ज्याची प्रियंवदानं इतकी वर्षं धास्ती घेतली होती ते समोर उभं होतं, तिच्याच तोंडाचं, तिच्याच ओढलेल्या जबड्याचं. कपाट हाताच्या अंतरावर होतं. साद लावली असती तर तिनं हा शब्द धुऊनपुसून स्वच्छ करून दिला असता. आधी तिला भीती वाटली, मग आनंद झाला, इतका की हुंदका आला, आणि मग त्या आनंदाचीच लाज वाटली. हे कोणाला सांगण्यासारखंही नव्हतं. तुषार म्हणाला असता, घे, उचललं पोरीनं. सासूबाईंना ऐकू आलं नसतं. मुल्ला मॅडम म्हणाल्या असत्या की ही नुसती नक्कल आहे, जाईल, आणि ते खरंही असेल. पण आत्ता या क्षणी या सबंध गावात असं बोलणारी ती एकटी नव्हती.

तिनं ताट पुन्हा उन्हात धरलं. भिंतीवर उजेडाचा तुकडा परत आला.

“हो गं बाई,” ती म्हणाली. “क-क-कवडसा.”